परतलेला बँड आणि ऐकणाऱ्याचे कान

वाचकांचे प्रश्न: या वेळी बडोद्याहून

आवडता रॉक बँड बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर पुन्हा उभा राहिला की जुन्या श्रोत्याला आनंद होतो आणि त्याच वेळी काहीतरी खुपतही राहतं. बडोदेकर वाचकांच्या पत्रांत हे खुपणं वेगवेगळ्या शब्दांत आलं आहे. आमचा अनुभव असा, की त्याला बहुतेक वेळा कानाला सापडेल असं कारण असतं. कधी पट्टी उतरवलेली असते, कधी ड्रमर बदललेला असतो, कधी रेकॉर्डिंग नको तितकं फुगवलेलं असतं. ते कारण हाती लागलं की उरलेली भावना कसली आहे हे कळतं. म्हणून उत्तरं तपशिलात दिली आहेत.

प्रश्न: शाळेत असल्यापासून लिंकिन पार्क ऐकतो. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन 2017 मध्ये गेला, तेव्हा ती गाणी लावणंच सोडलं. आता बँड नव्या गायिकेसह परतला आहे. नवा अल्बम आवडला, आणि आवडला म्हणूनच अपराधी वाटलं. जुनी गाणी तिच्या आवाजात मात्र ऐकवत नाहीत. मी गेलेल्याशी बेइमानी करतो आहे का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर: नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी ऐकता आहात आणि त्यांचा गुंता झाला आहे.

आधी कोण परतलं ते पाहू. सप्टेंबर 2024 मध्ये बँडने एमिली आर्मस्ट्राँगचं नाव जाहीर केलं आणि 15 नोव्हेंबर 2024 ला 'फ्रॉम झीरो' हा अल्बम आला. जुन्यांपैकी माइक शिनोडा, ब्रॅड डेल्सन, डेव्ह फॅरेल आणि जो हान आहेत. ड्रमर रॉब बोर्डन परतला नाही, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन आहे. डेल्सन रेकॉर्डिंगमध्ये असतो, पण दौऱ्यांत मंचावर गिटार अ‍ॅलेक्स फेडर वाजवतो. म्हणजे मंचावरचा व्हिडिओ पाहताना तुम्हाला आवाज बदललेला जाणवतो, पण त्याबरोबर ड्रम आणि गिटारचे हातही बदललेले असतात. सगळा परकेपणा गायिकेच्या माथी मारणं तिच्यावर अन्यायाचं होईल.

दुसरं कारण तांत्रिक आहे. स्टुडिओत मुख्य आवाज बहुधा दोनदा-तीनदा गाऊन एकावर एक ठेवलेला असतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. मंचावर एकच गळा असतो. तुम्ही वीस वर्षं कानात मुरलेलं स्टुडिओ रेकॉर्डिंग तिच्या मंचावरच्या एकट्या आवाजाशी ताडून पाहता, आणि त्या तुलनेत चेस्टरचा स्वतःचा मंचावरचा आवाजही उणाच ठरला असता. तुलना करायचीच असेल तर 2003 च्या 'लाइव्ह इन टेक्सास' या अल्बमशी करा. तिथे त्याचाही श्वास तुटतो, काही ओळी तो प्रेक्षकांवर सोडतो.

तिसरं कारण स्मरणाचं. आवडतं गाणं गुणगुणायला सांगितलं तर संगीत न शिकलेली माणसंही मूळ रेकॉर्डच्या पट्टीच्या आसपासच सुरुवात करतात. इतकं ते पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे जुन्या गाण्यात नवा आवाज आला की पहिल्या ओळीलाच मन नकार देतं. नव्या गाण्यांबाबत असं साठवलेलं काही नसतं, म्हणून ती तुम्हाला सहज आवडली. त्यात अपराध कसला?

आता करायचं असं. पहिले दोन आठवडे फक्त नवा अल्बम ऐका. तो जेमतेम 32 मिनिटांचा आहे, एका बैठकीत होतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जुन्या गाण्यांचे नव्या मंचावरचे व्हिडिओ या काळात उघडू नका. यूट्यूब ते आपणहून पुढे ढकलतं, म्हणून 'ऑटोप्ले' बंद करा. त्यानंतर जुन्या गाण्यांपैकी ज्यात शिनोडाचा वाटा मोठा आहे अशी आधी घ्या, कारण तिथे ओळखीचा आवाज हात धरायला असतो. चेस्टरने एकट्याने पेललेली गाणी सर्वांत शेवटी. आणि एखादं गाणं कधीच ऐकवलं नाही, तर ते त्याच्या नावे राहू द्या. बँडनेही त्याच्या आवाजाची नक्कल करणारा कुणी शोधला नाही, हे आम्हाला या परतण्यातलं सर्वांत सभ्य पाऊल वाटतं.

असं पूर्वीही झालं आहे. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात 'बॅक इन ब्लॅक' आला. काळं मुखपृष्ठ, आणि अल्बमची सुरुवात घंटेच्या संथ ठोक्यांनी. शोक त्यांनी अल्बमच्या आतच ठेवला होता.

एक सांगणं राहिलं. ही गाणी ऐकताना स्वतःच्या मनातलं काही जड होऊन वर येत असेल, झोप उडत असेल, तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

प्रश्न: आमचा फतेगंजात चौघांचा बँड आहे. परत आलेल्या बँडांचे व्हिडिओ पाहून वाजवायला बसलो, तर आमची गिटार व्हिडिओशी जुळतच नाही. रेकॉर्डशी जुळते. हे लोक सूर उतरवतात का? ऐकायला गाणं थोडं मरगळलेलं वाटतं, आणि मन खट्टू होतं. आम्ही कुठल्या सुरात वाजवावं? (कॉलेजचे चार विद्यार्थी)

उत्तर: हो, उतरवतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पंचविशीत रेकॉर्ड केलेले वरचे स्वर साठीत आठवड्यात तीन रात्री लावायचे तर गळा बसतो. स्वरतंतूंची लवचीकता वयाने कमी होते, श्वास तोकडा पडतो. लेड झेपेलिनने 10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओ2 मध्ये पुन्हा एकत्र येऊन जो कार्यक्रम केला, त्यातही काही गाणी खालच्या सुरात होती.

पेटीवर पट्टी बदलणं सोपं असतं, बोटं सरकवली की झालं. गिटारचं तसं नाही. रॉकमधल्या कितीतरी वादनाची गंमत मोकळ्या तारांत असते, आणि मोकळी तार एकाच सुरात बांधलेली असते. वरच्या पडद्यांवर तोच स्वरमेळ (कॉर्ड) धरला तर सूर तोच येईल, पण तो मोकळा गुंजारव जाईल. म्हणून वादक बोटं तीच ठेवतात आणि सगळं वाद्यच खाली उतरवतात. अर्धा स्वर उतरवलं की जाड तारेचा सूर पांढरी तीनवरून काळी दोनवर येतो, 82.4 हर्ट्झचा 77.8 होतो. पूर्ण स्वर उतरवलं की पांढरी दोन, 73.4 हर्ट्झ.

तुम्हाला जी मरगळ ऐकू येते ती मात्र केवळ सुराची नसते. तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार अर्धा स्वर उतरवली तर ताण सुमारे 11 टक्के घटतो, पूर्ण स्वर उतरवली तर 20 टक्क्यांहून थोडा जास्त. सैल तार छेडताच क्षणभर सूर वर सरकतो आणि मग बसतो, त्यामुळे ठोका धूसर येतो. कसलेले वादक त्यासाठी जाड तारा चढवतात. तुमच्याकडे 10 ते 46 चा सेट (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर अर्ध्या स्वरासाठी 11 ते 49, पूर्ण स्वरासाठी 11 ते 52 घ्या. बोटांना ताण ओळखीचा लागेल.

मग काय बिघडतं तेही ऐका. जाड तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकते. पिळताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तरी अडकली तर खाच रुंद करून घ्या. ते काम घरच्या कानशीने करू नका, खाच खोल गेली तर नटच बदलावा लागतो. जुन्याच तारा सैल केल्या असतील तर मानेवरचा ओढा कमी होऊन मान सरळ होते आणि पहिल्या तीन-चार पडद्यांवर तार झणझणते. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, घड्याळाच्या उलट दिशेने एक-अष्टमांश फेरा सैल करा, रात्रभर ठेवा, सकाळी पाहा. एका दमात अर्धा फेरा कधीच नको. ब्रिज (तारांचं दुसरं टोक धरणारा भाग) तरंगता, म्हणजे फ्लॉइड रोजच्या जातीचा असेल, तर ताण घटल्यावर मागच्या स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज आत बसतो. मागचं झाकण उघडून स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन स्क्रू पाव-पाव फेरा सैल करा, पुन्हा सहाही तारा लावा, पुन्हा पाहा. तीन-चार वेळा हे करावं लागतं, कारण एक तार हलली की बाकी पाच हलतात.

कीबोर्डवाल्याने अर्ध्या स्वरासाठी ट्रान्सपोज (पट्टी सरकवण्याची सोय) उणे एक करावं, बेस गिटारनेही गिटारइतकंच उतरावं. ड्रमला पट्टी नसते, पण किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) कातडं जरा सैल केलं तर ते खालच्या बेसशी बरं बसतं.

सूर कुठला घ्यावा याला आमचं उत्तर एकच: तुमच्या गायकाचा. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा आणि सराव संपताना, दमलेल्या गळ्याने, तो लागोपाठ तीन वेळा लावायला सांगा. लागला तर मूळ सूर ठेवा, नाही तर अर्धा स्वर खाली या. सरावाच्या सुरुवातीला घेतलेली परीक्षा फसवी असते.

उतरवलेला सूर म्हणजे म्हातारपण, असंही धरू नका. गन्स एन' रोझेसने 1987 चा पहिला अल्बमच अर्धा स्वर खाली वाजवला आहे. आणि कुठल्याही एका व्हिडिओवरून निवाडा करू नका. कॉपीराइट मोडल्याची तक्रार टाळण्यासाठी काही लोक व्हिडिओचा सूर किंवा वेग मुद्दाम किंचित बदलून चढवतात. एकाच रात्रीचे दोन वेगळे व्हिडिओ ट्यूनर लावून पाहा, शक्यतो एक बँडच्या अधिकृत वाहिनीवरचा. दोन्हींत सूर सारखा आला तर तो खरा.

प्रश्न: 'शेवटचा दौरा' म्हणून जाहीर करायचं, त्या नावावर महागडी तिकिटं विकायची, आणि चार-पाच वर्षांनी परत यायचं. मला फसवल्यासारखं वाटतं. हा राग चुकीचा आहे का? (अलकापुरीतले एक वाचक)

उत्तर: चुकीचा नाही. मॉटली क्रूने 2014 मध्ये दौरे थांबवण्याचा करार कागदावर सह्या करून जाहीर केला होता आणि 2019 मध्ये परतण्याची घोषणा केली. निरोप म्हणून ज्याने पैसे मोजले त्याला राग येणारच.

पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. रशने ऑगस्ट 2015 मध्ये थांबताना गाजावाजा केला नव्हता. ड्रमर नील पिअर्टचं शरीर साथ देत नव्हतं. तो जानेवारी 2020 मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी 2025 च्या ऑक्टोबरात अनिका निलेस या जर्मन ड्रमरबरोबर पुन्हा दौऱ्याची घोषणा केली, ती पिअर्टच्या घरच्यांच्या पाठिंब्याने. या दोन परतण्यांत फार अंतर आहे. आमची कसोटी साधी आहे: निरोप विकला होता का, आणि जो नाही त्याचं नाव मंचावर घेतलं जातं का. पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर पुढच्या वेळी तिकीट काढू नका. त्यांना कळण्याचा तोच एक मार्ग आहे.

प्रश्न: आमच्याकडे रॉक मशीनच्या कॅसेटी आहेत. तोच बँड पुढे इंडस क्रीड झाला, फुटला, आणि पुन्हा उभा राहिला. 2012 चा अल्बम ऐकला. वादन स्वच्छ आहे, पण 'आपला' बँड वाटत नाही. कॅसेटी मात्र आता किंचाळतात, आवाज दबलेला येतो. त्या वाचवता येतील का? (वाडीतल्या एक वाचक)

उत्तर: आधी 'आपला' का वाटत नाही ते. रॉक मशीन 1984 मध्ये मुंबईत उभा राहिला, 1993 मध्ये इंडस क्रीड झाला, 1997 मध्ये थांबला, 2010 मध्ये परतला आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुनेच. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नवे. वरचं सगळं ओळखीचं, पाया मात्र दुसऱ्यांचा. श्रोत्याचं लक्ष गायकाकडे असतं, पण पाय ड्रम आणि बेसवर हलतो; ठोक्याच्या किंचित मागे किंवा पुढे वाजवण्याची प्रत्येक जोडीची सवय वेगळी असते. आवाज अगदी बारीक करून एकदा 1988 चा अल्बम आणि एकदा 2012 चा अल्बम लावा आणि फक्त किकवर बोटाने टेबल वाजवा. फरक बोटाला कळेल. तो कळल्यावर नवा अल्बम नव्या जोडीचा म्हणून ऐका. आम्हाला तो त्या दृष्टीने फार कसदार वाटतो.

आता कॅसेटी. घाईने प्लेअरमध्ये घालू नका. खिडकीतून रिळाकडे पाहा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी असेल तर ती बुरशी आहे. बडोद्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ती हटकून धरते. अशी कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये लावलीत तर बुरशी हेडला (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाईल. गच्चीवर किंवा अंगणात, नाकाला मास्क लावून, कोरड्या मऊ कापडाने टेप पुसत हाताने गुंडाळावी लागते.

बुरशी नसेल तर टेपच्या मागे मधोमध नमद्याची छोटी गादी आहे का बघा. जुन्या कॅसेटीत तिचा गोंद सुटतो. ती नसली तर टेप हेडला चिकटत नाही, आणि तुमचा 'दबलेला आवाज' बहुधा तिथूनच येतो. खोक्याला स्क्रू असतील (सहसा पाच) तर उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटीतली गादी बसवा. उघडताना आतले दोन प्लास्टिकचे कागद आणि दोन छोटी चाकं कुठे होती त्याचा आधी फोटो काढा. खोकं चिकटवलेलं असेल तर स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात दोन्ही रिळं हलवा.

मग प्लेअर. हेड आणि धातूची फिरती काडी किमान 90 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा, तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नका, रबर कडक होतं. ओलसर कापड पुरतं. गाणं डुलत असेल, लय लांबत-आखडत असेल, तर आतला बेल्ट सैल झाला आहे. पंचवीस-तीस वर्षांचा बेल्ट बोटाला काळा चिकटतो, तो बदलायलाच हवा.

कॅसेट लावण्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. वर्षानुवर्षं दाबून बसलेले वेढे सुटतात आणि किंचाळणं पुष्कळदा इथेच थांबतं. तरीही किंचाळली तर हेड पुन्हा पुसा, गादीवर साठलेली धूळ काढा.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी: हेडचा कोन. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि तो स्क्रू अगदी हळू, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. झांजेचा आवाज जिथे सर्वांत लखलखीत येईल तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटीला हा कोन वेगळा लागतो, कारण ती ज्या यंत्रावर भरली गेली त्याचा कोन वेगळा होता. 'डॉल्बी बी' (टेपची खरखर कमी करणारी पद्धत) असं खोक्यावर छापलेलं असेल तरच डॉल्बी चालू करा. नसताना चालू केलं तर वरचे सूर मरतात.

प्लेअरच्या लाइन आउटमधून संगणकात घ्या, हेडफोनच्या भोकातून नको. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा ठोका उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांची कॅसेट साधारण 1 जीबी जागा घेते. नंतर फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणारी फाइल) करून ठेवा, गाडीत ऐकायला हवी तर एमपी3 ची वेगळी प्रत काढा. घरी रिकाम्या कॅसेटीवर भरलेलं काही असेल तर पाठीमागच्या कडेच्या दोन जिभळ्या आधी मोडा, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर तेवढ्याने बचाव होतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची टेप साठवाल्यापेक्षा पातळ असते, एकशेवीसवाल्याची तर फारच. ती वारंवार मागेपुढे पळवू नका.

हे सगळं झाल्यावर तुम्हाला कदाचित वाटेल की नव्याने 'रीमास्टर' होऊन, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज पुन्हा घडवून, आलेल्या जुन्या अल्बमांपेक्षा तुमची कॅसेट जिवंत आहे. तो नुसता जुन्याचा लळा नसतो. पुष्कळ रीमास्टरमध्ये बारीक आवाज वर आणि मोठे ठोके खाली दाबून सगळं एका पातळीवर फुगवलेलं असतं, त्यात स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) फटका गर्दीत हरवतो. मेटॅलिकाच्या 2008 च्या अल्बमबद्दल श्रोत्यांनी हीच तक्रार केली होती. तुलना करताना मात्र दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो.

प्रश्न: मुलगा बारावीनंतर मोकळा झाला आहे. त्याचा आवडता बँड पुन्हा एकत्र आला आहे आणि भारतात आला तर जायचंच, असं त्याने धरून ठेवलं आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही. तिकीट, प्रवास, धोका, सगळ्याचीच काळजी वाटते. (मांजलपूरच्या एक आई)

उत्तर: ताई, त्याला जाऊ द्या. एकदा तुटलेला बँड पुन्हा दिसेल याची कुणी हमी देत नाही. नीट आखणी केली तर काळजीचं कारण थोडंच उरतं.

पहिली गोष्ट, वयाची अट. प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते आणि उभं राहण्याच्या भागाला बसण्यापेक्षा कडक असू शकते. तिकीट काढण्याआधी वाचा, कारण प्रवेश नाकारला तर पैसे परत मिळत नाहीत.

दुसरी, रक्कम आधी ठरवा आणि कागदावर लिहा. ओएसिस हा बँड 2009 मध्ये फुटला आणि ऑगस्ट 2024 मध्ये परतीची घोषणा झाली. विक्रीच्या दिवशी ब्रिटनमध्ये सुमारे 150 पौंडांचं उभ्याचं तिकीट रांगेत तासन्‌तास थांबलेल्यांना 355 पौंडांच्या आसपास दाखवलं गेलं. पडद्यावर घड्याळ उलटं धावत असताना माणूस भावनेने 'हो' म्हणतो. कागदावरचा आकडा तिथे उपयोगी पडतो.

विक्रीच्या आदल्या दिवशी तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर खातं उघडा, फोन क्रमांक पडताळा, पैसे भरण्याची सोय तपासा, कार्डाची ऑनलाइन मर्यादा वाढवा. पैसे ऐन वेळी अडकतात ते बहुधा या मर्यादेमुळेच. ऑनलाइन प्रतीक्षाकक्षात शिरल्यावर पान पुन्हा पुन्हा ताजं करू नका, रांगेतली जागा जाऊ शकते. एकाच खात्याने तीन फोनवर शिरू नका. यंत्रणा त्याला दलाल समजते. तिकीट हुकलं तर समाजमाध्यमावर अनोळखी माणसाने पाठवलेला क्यूआर कोडचा फोटो विकत घेऊ नका. तोच फोटो दहा जणांना विकता येतो आणि दारात फक्त पहिला आत जातो. अधिकृत पुनर्विक्री असेल तरच घ्या, किंवा दुसऱ्या दिवसाच्या जादा कार्यक्रमाची वाट पाहा.

बडोद्याहून प्रवासाचे दोनच खरे मार्ग आहेत. अहमदाबादच्या मोठ्या स्टेडियमवर (जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे दोन कार्यक्रम तिथेच झाले) जायचं तर रेल्वेने शंभर किलोमीटर, आणि पुढे मोटेराचं मेट्रो स्टेशन दारातच. मुंबई साधारण 390 किलोमीटर. मे 2025 मध्ये गन्स एन' रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजले; महालक्ष्मी स्टेशन मुंबई सेंट्रलच्या लगतचंच आहे, त्यामुळे बडोदेकरांना ही जागा सोयीची पडते. त्याच रात्रीच्या परतीच्या गाडीचं आरक्षण मात्र करू नका. कार्यक्रम लांबतो, बाहेर पडायलाच तास जातो. सकाळची गाडी घ्या. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तिकीट मिळताच तारीख मांडून ठेवा. मुक्कामाची खोली रद्द करता येईल अशीच घ्या: ऑक्टोबर 2011 मध्ये मेटॅलिकाचा गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता आणि दोनच दिवसांनी बंगळूरचा झाला.

शेवटची गोष्ट, कान. बडोद्याच्या मुलांना नवरात्रात नऊ रात्री स्पीकरच्या भिंतीसमोर गरबा खेळायची सवय असते, म्हणून त्यांना वाटतं की आपल्याला काही होत नाही. 85 डेसिबल आवाजात आठ तास हे कानाचं मान्य प्रमाण. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं, आणि रॉकचा कार्यक्रम दोन तासांचा असतो. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला 2016 मध्ये डॉक्टरांनी कानांसाठीच दौरा सोडायला लावला होता. तो 2020 च्या अल्बममध्ये परतला.

औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग चालतात. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, डोक्यावरून विरुद्ध हात नेऊन कानाची पाळ वर आणि मागे ओढायची, प्लग आत सारून तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. धरला नाही तर तो फुगून बाहेर येतो आणि नुसता कानात लोंबतो. फोमने वरचे सूर जास्त कापले जातात, गाणं घोंगडीतून आल्यासारखं वाटतं. मुलगा तक्रार करून काढून टाकेल. त्यापेक्षा वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, ते 15 ते 20 डेसिबल सगळीकडून सारखे कमी करतात आणि झांजा स्वच्छ ऐकू येतात. ते आधी घरीच घालून बघायला सांगा. येत्या नवरात्रात वापरले तर सवयही होईल. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजली तर दोन दिवस हेडफोन बंद. तिसऱ्या दिवशीही वाजत राहिली, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर उपचार जितका लवकर होईल तितका लागू पडतो.